वाचनालयाला पैसा कोण देतो?

महाराष्ट्रातल्या खेड्यातल्या 'ड' वर्ग वाचनालयाला सरकारकडून वर्षाला किती अनुदान मिळते, हे त्या वाचनालयाच्या सभासदांनाही बहुधा ठाऊक नसते. 2022 पर्यंत ही रक्कम 30 हजार रुपये होती आणि दहा वर्षे ती तेवढीच राहिली होती. 2022 च्या अखेरीस राज्य मंत्रिमंडळाने 60 टक्के वाढ मंजूर केली आणि ती 48 हजारांवर गेली. अनुदानाची निम्मी रक्कम पगारावर खर्च करायची, असा दंडक आहे. या हिशेबाने ग्रंथपालाच्या हाती महिन्याला पडतात 2 हजार रुपये. उरलेल्या 24 हजारांत वर्षभराची पुस्तके, वर्तमानपत्रे, मासिके, दिवाळी अंक, वीजबिल, जागेचे भाडे, पुस्तकबांधणी आणि झाडलोट बसवायची.

हा हिशेब समोर आला की कार्यकारी मंडळाच्या बैठकीत पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो: आणखी कुठून पैसा मिळेल का? मिळतो, आणि लोकांना वाटते त्यापेक्षा जास्त ठिकाणांहून मिळतो. पण बहुतेक विनंत्या फुकट जातात, कारण त्या चुकीच्या दारात केलेल्या असतात. पगारासाठी आमदारांना पत्र जाते, इमारतीसाठी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे हेलपाटे होतात आणि कंपनीकडे नुसतीच 'योग्य ती मदत' मागितली जाते. ग्रंथालयासाठी असलेला प्रत्येक निधी एका ठरावीक प्रकारच्या खर्चासाठी राखलेला असतो, आणि देणारा जवळजवळ नेहमी आधी विचारतो, तुमचा वाटा किती? पैसा शोधायला निघण्यापूर्वी या दोन गोष्टी नीट समजून घेतल्या, तर पुढची पायपीट निम्म्याने कमी होते.

आपल्या वाट्याची अट काही आजची नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतली ग्रंथालये पाहिली, 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले आणि संस्थानभर वाचनालयांचे जाळे उभे केले. गावाला वाचनालय देण्याची त्यांची रीत साधी होती. गावकऱ्यांनी वर्गणीतून एक वाटा जमवायचा, तेवढाच वाटा प्रांत पंचायतीने घालायचा आणि तेवढाच सरकारने. गावाने काहीच जमवले नाही तर सरकारही काही देत नसे. त्याच काळात अमेरिकन उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून जगभर 2,509 ग्रंथालये उभी राहिली. त्यांची अट अशी, की जागा गावाने द्यायची आणि इमारतीसाठी जेवढी देणगी मिळेल तिच्या 10 टक्के रक्कम दरवर्षी ग्रंथालय चालवण्यासाठी करातून काढून ठेवायची. कार्नेगींचा पैसा इमारतीला होता. पुस्तके आणि पगार ही गावाची जबाबदारी होती. आज आपल्याकडच्या कोणत्याही योजनेची नियमावली उघडा, हीच दोन तत्त्वे तिच्यात सापडतील.

आता राज्य सरकारचे अनुदान. भारतातला पहिला ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्ये केला, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. महाराष्ट्र राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा मात्र 1967 चा. त्याखाली 1970 मध्ये मान्यतेचे आणि सहायक अनुदानाचे नियम झाले. जिल्हा, तालुका आणि इतर अशा तीन पातळ्या, आणि त्यांत अ, ब, क आणि सर्वांत खालचा ड असे वर्ग. ग्रंथसंख्या, सभासद, रोज वाचनालय उघडे राहण्याचे तास, येणारी नियतकालिके, कर्मचारी यांवरून वर्ग ठरतो आणि वर्गावरून अनुदान. त्याला परिरक्षण अनुदान म्हणतात आणि ते दोन हप्त्यांत येते. पहिला हप्ता हाती पडेपर्यंत आर्थिक वर्षाचे कित्येक महिने उलटलेले असतात, त्यामुळे एप्रिलपासूनचा खर्च वाचनालयाला आधी आपल्या पैशातून किंवा उधारीवर भागवावा लागतो.

इथे एक बारकावा अनेक कार्यकारी मंडळांच्या लक्षात येत नाही. वर्गाची रक्कम ही कमाल मर्यादा असते. प्रत्यक्षात मिळते ते मान्य बाबींवर झालेल्या खर्चाच्या 90 टक्के, किंवा ती कमाल रक्कम, यांतले जे कमी असेल ते. समजा 'ड' वर्गाच्या वाचनालयाने वर्षभरात मान्य बाबींवर 40 हजारच खर्च केले, तर त्याला 36 हजार मिळतील. पूर्ण 48 हजार हवे असतील तर मान्य खर्च 53 हजारांच्या पुढे गेला पाहिजे आणि वरची रक्कम वाचनालयाने स्वतः उभी केली पाहिजे. काटकसर करून पैसे वाचवणारे चिटणीस पुढच्या वर्षीचे अनुदान स्वतःच्या हाताने कमी करून घेतात. बडोद्याच्या तीन वाट्यांपैकी गावाचा वाटा आता दहाव्या हिश्शावर आला आहे, पण तो संपलेला नाही.

2012 साली महसूल यंत्रणेमार्फत राज्यातल्या सगळ्या मान्यताप्राप्त ग्रंथालयांची पडताळणी झाली. काही ग्रंथालये केवळ कागदावर होती, हे त्यातून उघड झाले. काहींची मान्यता गेली, काहींचा वर्ग खाली आला आणि त्यानंतर नव्या मान्यता कित्येक वर्षे थांबल्या. बोगस ग्रंथालयांना चाप बसला हे योग्यच झाले. पण रोज संध्याकाळी निष्ठेने कुलूप उघडणाऱ्या हजारो ग्रंथपालांनाही त्याच संशयाच्या नजरेला सामोरे जावे लागले आणि अनुदानवाढ त्या दशकात अडून राहिली. म्हणून दाखलनोंद वही, सभासद नोंदवही, देवघेवीची रोजची नोंद आणि लेखापरीक्षित ताळेबंद या गोष्टींना आज एवढे वजन आले आहे. कोणी अधिकारी तपासणीला आला तर दाखवायला म्हणून त्या ठेवू नयेत. वाचनालय जिवंत असल्याचा तोच एक लेखी पुरावा आहे, आणि पुढे येणारा प्रत्येक देणगीदार तोच मागणार आहे.

राज्याच्या अनुदानानंतर पाहायचे ते कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान. राममोहन रॉय यांच्या जन्माला 200 वर्षे झाली त्या दिवशी, 22 मे 1972 रोजी ते स्थापन झाले. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाखालची ही स्वायत्त संस्था आहे आणि सार्वजनिक ग्रंथालयांना मदत करणे हेच तिचे मुख्य काम. माझ्या मते मराठी वाचनालयांनी सर्वांत कमी वापरलेला मार्ग हाच आहे.

प्रतिष्ठानच्या योजना दोन प्रकारच्या आहेत. समान निधी योजनेत राज्य सरकार आपला हिस्सा घालते आणि प्रतिष्ठान आपला. यातून ग्रंथ निवड समितीने निवडलेली पुस्तके ग्रंथभेट म्हणून वाचनालयांपर्यंत येतात. असमान निधी योजनेत राज्याचा हिस्सा नसतो आणि वाचनालय स्वतः प्रस्ताव करू शकते. पुस्तके, कपाटे, टेबल-खुर्च्या, इमारतीचे बांधकाम किंवा विस्तार, बालविभाग, संगणकाची सोय असलेला ज्ञान कोपरा, चर्चासत्रे, असे त्यातले विषय आहेत. एक योजना तर खास जुन्या संस्थांसाठी आहे. ग्रंथालयाला 50, 60, 75, 100, 125 किंवा 150 वर्षे पूर्ण झाली, तर त्या महोत्सवी वर्षात वेगळे साहाय्य मागता येते. महाराष्ट्रात या योजनेला पात्र ठरतील अशा संस्था गावोगाव आहेत. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय 1828 चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे. ही मोठी नावे सोडा. गांधीजींच्या काळात निघालेली शेकडो वाचनालये आता शंभरी गाठत आहेत. शतक साजरे होते ते व्याख्यानमालेने आणि स्मरणिकेने, आणि प्रस्तावाची आठवण होते तेव्हा वर्ष निघून गेलेले असते. स्थापनेचा मूळ ठराव किंवा नोंदणीचा जुना दाखला शोधून ठेवणे आणि महोत्सवी वर्षाच्या आधीच्या वर्षी कामाला लागणे, एवढे केले तरी पुरते.

या प्रस्तावांसाठी ग्रंथालय संचालनालय दरवर्षी जाहिरात देते. अर्ज जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याच्या कार्यालयामार्फत वर जातो आणि तो इंग्रजीत किंवा हिंदीत करावा लागतो. खेड्यातल्या मंडळाला ही अट जड जाते. गावात इंग्रजी शिकवणारा शिक्षक किंवा बँकेतला निवृत्त अधिकारी असतो, त्याला दोन संध्याकाळी बसवून घ्यावे. वाचनालयाला केलेली अशी मदत पुस्तकांच्या देणगीइतकीच मोलाची आहे. इमारतीसाठी मागायचे असेल तर जागा संस्थेच्या नावावर असल्याचा उतारा, मंजूर नकाशा आणि अभियंत्याचे अंदाजपत्रक लागते. इथे पुष्कळ प्रस्ताव पडतात. जागा कुणा दात्याने तोंडी दिलेली असते. त्याच्या हयातीत कुणी बक्षीसपत्र करून घेत नाही आणि पुढच्या पिढीत वारसांची संख्या वाढलेली असते.

आमदार आणि खासदारांच्या स्थानिक विकास निधीकडे सगळ्यांचे लक्ष जाते. तो निधी टिकाऊ कामासाठी असतो, नेहमीचा चालू खर्च त्यातून भागत नाही. खोली, कपाटे, अभ्यासिकेचे बाक अशा गोष्टी मागाव्यात. पैसा जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेतून कामावर खर्च होतो, वाचनालयाच्या हाती रोख येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

कंपन्यांच्या निधीबद्दल थोडे विस्ताराने बोलायला हवे. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी आपल्या मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. कोणत्या कामांवर, याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे आणि तिच्यात सार्वजनिक ग्रंथालये स्थापन करणे हे काम स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. शाळा, आरोग्य, झाडे यांसाठी रांग लागलेली असते, ग्रंथालयाचा प्रस्ताव घेऊन जाणारे थोडे. औद्योगिक वसाहत जवळ असलेल्या तालुक्यांनी तरी ही संधी सोडू नये.

तयारी मात्र आधीपासून लागते. आपल्याकडची बहुतेक वाचनालये 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असतात. कंपनीचा निधी घ्यायला एवढे पुरत नाही. प्राप्तिकर खात्याकडची '12 ए' आणि '80 जी' या नावांनी ओळखली जाणारी दोन्ही नोंदणीपत्रे हवीत, अशा कामाचा तीन वर्षांचा पूर्वेतिहास हवा, आणि 1 एप्रिल 2021 पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-1 हा अर्ज भरून नोंदणी क्रमांकही घ्यावा लागतो. तालुक्याच्या गावातला सनदी लेखापाल हे सगळे करून देऊ शकतो. 80 जी असली की व्यक्तींनाही देणगीवर करसवलत मिळते, पण ती जुन्या करप्रणालीत राहिलेल्यांनाच. नवी प्रणाली निवडलेल्या पगारदारापुढे सवलतीची भाषा उपयोगाची नाही, त्याच्याशी वाचनालयाबद्दलच बोलावे. कंपनीचा पैसा दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पाला मिळतो. त्यावर कायमचा माणूस नेमू नये, प्रकल्प संपला की त्याचा पगार द्यायला मंडळाकडे काही उरत नाही.

म्हणजे फिरून प्रश्न ग्रंथपालाच्या पगाराशीच येतो. इमारतीला, कपाटांना, संगणकाला, पुस्तकांना देणारे सापडतात. संध्याकाळी पाच वाजता कुलूप उघडणाऱ्या, शाळेतल्या मुलीला तिच्या वयाचे पुस्तक काढून देणाऱ्या माणसाला पगार देणारे एकच खाते आहे, आणि ते महिन्याला 2 हजार देते. या रकमेत कोणी शिकलेला तरुण टिकणार नाही, हे सांगायला कुठल्या अहवालाची गरज नाही. तामिळनाडूत मालमत्ता करावर 10 टक्के आणि कर्नाटकात 6 टक्के ग्रंथालय कर घेतला जातो. गोव्याच्या 1993 च्या कायद्यात मद्यावरच्या अधिभारातून ग्रंथालयांसाठी पैसा काढण्याची तरतूद आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात असा करच नाही. इथे ग्रंथालयांचा पैसा राज्याच्या अर्थसंकल्पातून येतो आणि तंगीच्या वर्षी तो अडतो. गोळा झालेला कर ग्रंथालयांपर्यंत वेळेवर पोहोचत नाही, अशी तक्रार कर असलेल्या राज्यांतही ऐकू येते. तरीही नावाने राखलेला पैसा मागता येतो, त्याचा हिशेब विचारता येतो. महाराष्ट्रात ग्रंथालय कर यायला हवा, असे मला ठामपणे वाटते.

तो येईपर्यंत पगाराचा भार स्वतःच्या उत्पन्नावर आहे. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाकडे परशुराम साईखेडकर नाट्यगृह आहे, सभागृह आहे. पूर्वीच्या मंडळींनी पुस्तकांच्या जोडीला उत्पन्नाची साधने उभी करून ठेवली, हे त्यांचे मोठे शहाणपण. लहान वाचनालयाकडे नाट्यगृह नसते, पण अभ्यासिका असू शकते. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींना घरात शांत जागा नसते आणि माफक शुल्क देऊन ती रोज आठ-दहा तास बसायला तयार असतात. आज कित्येक वाचनालयांची बाजू याच खोलीने सावरली आहे. काही जुन्या सभासदांना हे रुचत नाही. मुले स्वतःच्याच गाईडमध्ये डोके घालून बसतात, कपाटाकडे फिरकत नाहीत, ही त्यांची खंत खरी आहे. मला वाटते, जागेत माणसे येत आहेत हीच मोठी गोष्ट, त्यांना कपाटापर्यंत नेणे हे ग्रंथपालाचे कौशल्य. दुसरे साधन कायम ठेवीचे. आईवडिलांच्या स्मरणार्थ काही द्यायची इच्छा असणारे गावोगाव असतात. ती रक्कम एका वर्षात खर्चून न टाकता बँकेत ठेव म्हणून ठेवायची, ठरावात तसे लिहायचे आणि व्याज पगाराच्या खात्याला लावायचे. आजीव सभासदांची वर्गणीही अशीच ठेवीत जायला हवी. ती चालू खर्चात घालणे म्हणजे उद्याच्या वर्गण्या आज खाणे.

पुरस्काराचा मार्गही विसरू नये. राज्य सरकारचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्कृष्ट ग्रंथालय पुरस्कार प्रत्येक वर्गातल्या ग्रंथालयांना वेगवेगळा दिला जातो, त्यामुळे 'ड' वर्गाच्या वाचनालयाची स्पर्धा शहरातल्या मोठ्या संस्थेशी होत नाही. रोख रक्कम मिळते हे आहेच, शिवाय पुढच्या प्रत्येक प्रस्तावात त्याचा उल्लेख करता येतो.

प्रस्तावाच्या भाषेबद्दल. 'आमचे वाचनालय जुने व नामांकित असून सध्या आर्थिक परिस्थिती बिकट आहे, तरी आपणाकडून योग्य ते साहाय्य व्हावे', अशी पत्रे मी पुष्कळ वाचली आहेत. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्यात हातात धरायला काही नसते. त्याऐवजी असे लिहावे: बालविभागात किती सभासद आहेत, मागच्या वर्षी त्यांनी किती पुस्तके नेली, शनिवारी दुपारी किती मुलांना जागेअभावी परत जावे लागते. मग काय हवे ते मोजून सांगावे, तीन दरपत्रके जोडावीत, मंडळाचा ठराव जोडावा आणि आपण स्वतः किती रक्कम जमवून बँकेत ठेवली आहे, ते पासबुकाच्या प्रतीसह दाखवावे. ही शेवटची ओळ प्रस्तावात सर्वांत बोलकी ठरते. गावाने आधी खिशात हात घातला आहे, हे तिच्यातून दिसते.

पैसा मिळाल्यावर ज्या कामासाठी मिळाला त्याच कामावर, दिलेल्या मुदतीत खर्च करायचा आणि उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर पाठवायचे. एका अनुदानाचे प्रमाणपत्र थकले की पुढचा प्रस्ताव टेबलावरून हलत नाही. उत्साही मंडळे इथे कमी पडलेली मी पाहिली आहेत. कपाटे येतात, उद्घाटन होते, फोटो छापून येतो आणि पावत्या कुणाच्या तरी घरी राहतात.

आणखी एक अडथळा असा, की तो आधी दिसत नाही. कार्यकारी मंडळाची निवडणूक झाली, नवे अध्यक्ष आले, पण धर्मादाय आयुक्त कार्यालयात बदल अर्ज दाखल केलेला नसतो. कागदोपत्री विश्वस्त म्हणून दोन मंडळे मागची माणसे असतात, त्यातले काही हयातही नसतात. बँक सही मानत नाही, कंपनी नोंदणी मागते, प्रतिष्ठानचा अर्ज परत येतो. बदल अर्ज मंजूर व्हायला वेळ लागतो आणि मध्ये कुणी हरकत घेतली तर आणखी लागतो. योजनेची जाहिरात निघाल्यावर या कामाला हात घातला तर मुदत हमखास हुकते. म्हणून येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर नव्या योजनांच्या आधी हा विषय घ्यावा: विश्वस्तांच्या नोंदीवर आज कुणाची नावे आहेत, जागेच्या उताऱ्यावर कुणाचे नाव आहे आणि मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल कुठे आहेत.